अक्षरन् अक्षर वाचलेला माणूस

खोली बघायला गेले तेव्हा चाचांनी माझं आडनाव विचारलं नाही. भाडेकराराच्या कागदावर ते नीट लिहायला मात्र सांगितलं. "आडनावातली वेलांटी लोक हमखास चुकवतात," असं म्हणून त्यांनी पेन पुढे केलं आणि माझं लिहून होईपर्यंत पेनाच्या टोकाकडे बघत उभे राहिले. त्याआधीच्या पंधरा दिवसांत मी पुण्याच्या पेठांमधून अकरा खोल्या पाहिल्या होत्या. त्यातल्या नऊ ठिकाणी माझं आडनाव सांगून झालं, की खोली कालच दिली गेलेली असायची. नांदेडहून आलेली, बौद्ध घरातली, एकटी राहणारी आणि कॉम्प्युटरच्या कंपनीतून भलत्या वेळी घरी येणारी मुलगी. घरमालकांना एकाच वेळी किती काळज्या कराव्या लागत होत्या, ते मला दिसत होतं. कसबा पेठेतल्या या मुसलमान घरमालकाला काळजी फक्त वेलांटीची होती. मी त्याच संध्याकाळी ट्रंक घेऊन आले आणि पुढे चार वर्षं राहिले.

चाचा मुद्रितशोधक होते. पुस्तक छापण्याआधी जी कच्ची पानं निघतात, ती वाचून चुका काढायच्या, हे त्यांचं काम. अकराव्या वर्षी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात ते झाडलोट करायला लागले, मग छपाईचे खिळे जुळवायला, आणि रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झाल्यावर मालकांनी त्यांना प्रुफांच्या टेबलाशी बसवलं. तिथून ते साठाव्या वर्षीच उठले. मी राहायला गेले तेव्हा निवृत्त होऊन त्यांना चार-पाच वर्षं झाली होती, पण दोन-तीन प्रकाशक अजून घरी प्रुफं पाठवत. चाचांच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक सापडत नाही, असं शनिवार पेठेत म्हणायचे. शनिवार पेठेत कोणाबद्दल चांगलं म्हणतात, हीच मुळात बातमी.

त्यांची वाचायची पद्धत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याची दृष्टी अधू आहे. एका जुन्या पोस्टकार्डाला त्यांनी ओळीएवढी फट पाडली होती. ते कार्ड पानावर ठेवायचं, म्हणजे फटीतून एकच ओळ दिसते. आणि वाचायचं खालून वर. शेवटच्या पानाची शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, असं करत करत पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपर्यंत. मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "सरळ वाचलं की अर्थ लागायला लागतो. आणि अर्थात शिरलं की चूक सुटते. अर्थ वाचकाने बघावा, त्याने पुस्तकाचे पैसे मोजलेले असतात."

या पद्धतीमुळे हजारभर पुस्तकं वाचूनही चाचांच्या पदरात ज्ञान म्हणून काही पडलेलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानच होता. जनावरांच्या पोटाच्या रोगांवरचं सहाशे पानांचं पुस्तक त्यांनी दोनदा तपासलं होतं. "पण उद्या दारात गाय येऊन आडवी पडली, तर मी तुम्हालाच हाक मारणार," असं ते मला सांगत. पंचांग ते वर्षानुवर्षं तपासत, पण आज तिथी कोणती हे शेजारच्या जोशीकाकूंना विचारायला लागे. एकदा चार भागांच्या एका प्रेमाच्या कादंबरीची प्रुफं महिनाभर घरात होती. शेवटचा गठ्ठा परत गेला त्या दिवशी चाचींनी विचारलं, "मग? मिळाली का ती त्याला?"

"मला काय ठाऊक? मी शेवटाकडून वाचतो."

"अहो, मग शेवट तर सगळ्यात आधी कळला असेल ना!"

चाचांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "शेवटच्या पानावर दोन अनुस्वार सुटले होते, एवढं आठवतंय."

चाची कपाळावर हात मारून आत गेल्या. त्या सातवी शिकलेल्या होत्या आणि घरातलं वर्तमानपत्र त्याच वाचत, मोठ्याने, भाजी निवडता निवडता. चाचा डोळे मिटून ऐकत. छापलेला कागद समोर धरला की त्यांना बातमी दिसत नसे, फक्त अक्षरं दिसत. देशात काय चाललंय ते त्यांच्यापर्यंत कानानेच पोचायचं. मला हे सगळं फार गमतीचं वाटे. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर मी चाचांच्या नकला करायचे आणि टेबल हसायचं. आज त्याची थोडी लाज वाटते.

मी काय काम करते, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम मी तपासते. कागदावर जसं चालायला हवं असं लिहिलंय, तसं तो चालतो का ते बघते, आणि चुका काढते.

"म्हणजे तुम्हीही शोधकच," ते म्हणाले आणि चाचींना हाक मारून चहा टाकायला सांगितला. तेव्हापासून माझा चहा त्या घरात कायमचा झाला. चार वर्षांत त्यांनी मला 'तुम्ही'चं 'तू' केलं नाही, पण "आज किती सापडल्या?" हे रोज विचारलं.

नव्या शतकाची ती पहिली वर्षं. हिंजवडीच्या शेतांतून काचेच्या इमारती उगवत होत्या आणि बँकांची टाय लावलेली मुलं सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवाल्यालाही क्रेडिट कार्ड देऊ करत होती. माझ्या पाकिटात तीन कार्डं होती. त्यातलं एक कसं आलं, ते मला अजून माहीत नाही. पण कसबा पेठेतल्या, दाणे आळीतल्या, घोरपडे पेठेतल्या ज्या माणसांनी आयुष्यभर दिवसा काम करून रात्री शाळा केली, त्यांच्याकडे टायवाला मुलगा कधी गेला नव्हता. तो गेला तो त्यांच्या शाळेच्या नावाने.

रात्रशाळेचा माजी विद्यार्थी संघ हे चाचांचं माहेरच म्हणायला हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये शंभर-सव्वाशे माणसं जमायची. कोणी महापालिकेतून निवृत्त झालेलं, कोणी बेकरीत, कोणी शिंपी. ससूनमध्ये आयाचं काम करून पेन्शनीत निघालेल्या एक मावशी होत्या, त्या तिसाव्या वर्षी पाटी घेऊन शाळेत बसल्या होत्या. आणि बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेले रेडिओवाले काका, चाचांचे बाकावरचे जोडीदार. ही सगळी मंडळी चाचांना 'भाई' म्हणत. कोणाला नोटीस आली, विम्याचा कागद आला, जागेचा करार आला की सभेनंतर तो भाईंपुढे यायचा. भाई तो घरी आणायचे, वाचायचे आणि खाली बारीक अक्षरात 'वाचले' असं लिहून सही करून परत द्यायचे. त्या 'वाचले'वर लोक निर्धास्त व्हायचे. आपण याचा अर्थ बघितलेला नाही, हे चाचांनी कधी सांगितलं नाही आणि त्यांना कोणी विचारलंही नाही. मला वाटतं, त्यांच्या लेखी वाचणं म्हणजे एवढंच होतं.

तर एका नव्या बँकेने या संघाला पत्र पाठवलं. सभासदांसाठी खास क्रेडिट कार्ड काढू. कार्डावर शाळेचं कंदिलाचं चिन्ह छापू, शाळेचं नाव छापू, आणि सभासद कार्डावर जी काही खरेदी करतील त्यातला छोटासा वाटा शाळेला देऊ. मोठमोठ्या क्लबांची आणि इंजिनिअरिंग कॉलेजांची अशी कार्डं निघाली होती, पण रात्रशाळेचं निघणं ही गोष्टच वेगळी. चाचा त्या दिवशी घरी आले ते जिना चढून थेट माझ्या दारात. माझ्या खोलीवर ते एरवी कधी यायचे नाहीत.

"आमचा कंदील कार्डावर येणार," ते म्हणाले. "तुमच्याकडे असतं तसल्या."

संघाने बँकेला एकच अट घातली होती: नियम मराठीत द्या. बँकेने ते कुठूनतरी भाषांतर करून घेतले आणि टायवाला मुलगा बारा पानांची प्रुफं घेऊन चाचांकडे आला. मी तेव्हा खाली चहा पीत होते. चाचांनी पानं डोळ्यांजवळ नेली.

"इतकं बारीक का छापता? खसखस बरी."

"सर, हे कोणी वाचत नाही," मुलगा मोकळेपणाने म्हणाला.

"मी वाचतो," चाचा म्हणाले.

मोबदला त्यांनी घेतला नाही, शाळेचं काम म्हणून. तीन दिवस ते पोस्टकार्ड घेऊन बसले होते. प्रुफं टेबलावर पडलेली असताना मीही पानं चाळली. किमान देय रक्कम, विलंब शुल्क, सदस्य सुरक्षा कवच. मला नवीन काहीच नव्हतं. कारण आमच्या ऑफिसात मी जो प्रोग्राम तपासत होते, तो एका परदेशी बँकेच्या क्रेडिट कार्डांच्या बिलाचाच होता. पैसे एक दिवस उशिरा आले तर व्याज उरलेल्या रकमेवर नाही, सगळ्या रकमेवर आणि खरेदीच्या दिवसापासून लागलं पाहिजे, असा त्यात नियम होता. तसं ते लागतं का, हे मी दिवसातून वीसदा तपासायचे आणि लागलं की 'पास' असा शेरा मारायचे. मी चाचांना काही बोलले नाही. सगळ्याच कार्डांचं असं असतं, असं मनात म्हटलं, कप विसळला आणि वर गेले.

पुढच्या सभेला मी नव्हते, पण तिथे काय झालं ते मी नंतर इतक्या जणांकडून ऐकलं, की असल्यासारखंच आहे. अर्ज वाटले गेले. बऱ्याच जणांनी पेनं काढली आणि तशीच हातात धरून ठेवली. मग ससूनच्या मावशींनी मोठ्याने विचारलं, "भाई, तुम्ही वाचलंय ना सगळं? यात आमचं काही वाईट तर नाही ना?"

चाचा उभे राहिले आणि म्हणाले, "अक्षरन् अक्षर वाचलंय."

टाळ्या पडल्या आणि ऐंशी-नव्वद जणांनी सह्या केल्या.

रेडिओवाले काका ते कार्ड शर्टाच्या खिशात कंदील बाहेर दिसेल असं ठेवत. लक्ष्मी रोडला एका दुकानदाराने कार्ड उलटसुलट करून विचारलं, "ही कुठली बँक म्हणायची?" तर काका म्हणाले, "बँक नाही, शाळा आहे." हे त्यांनी मला स्वतः तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा तितक्याच आनंदाने. रेडिओ दुरुस्तीला येणं बंद होत आलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी काकांनी मोबाइल दुरुस्ती शिकायचं ठरवलं आणि त्याची हत्यारं कार्डावर घेतली, अठरा हजारांची. मुलगा नको म्हणत होता, सून नको म्हणत होती. काका म्हणाले, जो रेडिओ उघडू शकतो तो काहीही उघडू शकतो. आणि खरंच वर्षभरात त्यांच्या दुकानाबाहेर कॉलेजच्या पोरांची रांग दिसायला लागली.

म्हणून ते आले तेव्हा माझी समजूत झाली, पेढे घेऊन आलेत. संध्याकाळचे सात वाजले असतील. त्यांच्या हातात बँकेची बारा बिलं होती, तारखेप्रमाणे टाचलेली.

"भाई," ते खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "वर्ष झालं. दर महिन्याला बिलावर जी किमान रक्कम लिहिलेली असते ती भरतोय. एक महिना चुकवला नाही. बिलावर जी तारीख असते त्याच तारखेला चेक त्यांच्या पेटीत टाकतो. ना एक दिवस आधी, ना एक दिवस नंतर. अठरा हजारांची वस्तू, आणि आज ते म्हणतात बाकी अठरा हजार सातशे. भाई, माझं गणित कच्चं आहे हे गुरुजींनाही ठाऊक होतं. पण इतकं?"

चाचांनी वरचं बिल डोळ्यांजवळ नेलं.

"ऑफिसात गेलो तर ती मुलगी म्हणते, काका, सगळं नियमात लिहिलंय, तुम्ही वाचलं नव्हतं का? मी म्हटलं, आमच्या भाईने वाचलं होतं. तर भाई, तू मला फक्त दाखव, कुठे लिहिलंय. मग माझी काही तक्रार नाही."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. चाचांनी कपाटातून आपली जुनी प्रुफं काढली. तपासलेली प्रत ते कधी टाकत नसत. पोस्टकार्ड घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. त्यांना सापडेना. शेवटी मीच पानं माझ्याकडे ओढली आणि सातव्या पानावर बोट ठेवलं. चेक पेटीत टाकल्याची तारीख धरली जाणार नाही, पैसे खात्यात जमा झाल्याची धरली जाईल. काकांचा चेक वटायला तीन दिवस लागायचे. म्हणजे जो माणूस आयुष्यात शाळेत, दुकानात, कुठेही उशिरा गेला नाही, तो बँकेच्या हिशोबी बाराही महिने उशिरा होता. दर महिन्याला विलंब शुल्क, दर महिन्याला सुरक्षा कवचाचे, म्हणजे न मागितलेल्या विम्याचे पैसे, जे नको असल्याचं तीस दिवसांत दुसऱ्या शहरातल्या पत्त्यावर लेखी कळवायला हवं होतं. आणि त्यालाच लागून पुढचं वाक्य व्याजाचं.

त्या वाक्यात 'व्याज' शब्दाचा काना सुटला होता. चाचांनी तो लाल शाईने घातलेला होता, समासात नेहमीची सुबक खूण करून.

काकांनी ते पाहिलं. "हां, लिहिलंय खरं," असं म्हणाले, बिलांची टाचणी नीट केली आणि चहा न घेता गेले. जाताना चाचींना "येतो वहिनी" म्हणायला विसरले नाहीत.

त्या आठवड्यात प्रकाशकाचा माणूस दोनदा आला आणि चाचांनी दोन्ही वेळा प्रुफं परत पाठवली. सकाळी चाची पेपर वाचायच्या आणि चाचा डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत बसायचे. मला कोणी "आज किती सापडल्या?" विचारलं नाही. चौथ्या दिवशी मीच खाली गेले आणि म्हटलं, चाचा, मी वाचून दाखवते. तुम्ही ऐका.

वाचायला लागले थेट सातव्या पानापासून. प्रत्येक वाक्यानंतर थांबून मी त्याचा अर्थ साध्या भाषेत सांगत होते. व्याजाच्या वाक्यापाशी आले. दोन पूर्णांक पंच्याण्णव शतांश टक्के, दरमहा.

"दरमहा?" स्वयंपाकघरातून चाचींचा आवाज आला. त्या पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या. "वर्षाला नाही? बाई गं, म्हणजे शेकडा तीनच झाले की! आमच्या गल्लीतला सावकार दोन घ्यायचा, आणि अख्खी गल्ली त्याला शिव्या घालायची."

"त्याला कंदील नव्हता," चाचा म्हणाले. चार दिवसांत ते एवढंच बोलले असावेत.

मग मी त्यांना सांगितलं. हा नियम मला आधीपासून ठाऊक होता, टेबलावर पडलेल्या पानांत मी तो पाहिला होता, आणि ऑफिसात रोज मी तोच तपासून 'पास' म्हणते. चाचा मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पानं एकावर एक नीट रचून ठेवली.

"मला पानाला दोन रुपये मिळायचे," ते म्हणाले. "तुम्हाला बरेच मिळत असतील. लोकांना आपण दोघंही महागात पडलो." पोळी करपल्याचा वास आला तशा चाची आत धावल्या.

पुढे काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे ते मनात राहणार नाही. संघाने बँकेला पत्रामागून पत्रं लिहिली. ज्यांनी चिकाटी धरली त्यांना सुरक्षा कवचाचे पैसे परत मिळाले, व्याजाचे कोणालाच नाहीत. रेडिओवाल्या काकांसाठी मंडळींनी भिशी लावली, पहिला नंबर त्यांना दिला आणि त्यांनी कार्ड एकरकमी फेडून टाकलं. बऱ्याच जणांनी कार्डं कापून बँकेला पाठवली. काहींनी ठेवली, तारखेच्या आठवडाभर आधी पूर्ण पैसे भरायचे हे एकदा कळल्यावर त्यांना ती सोयीची वाटली, आणि त्यात काही गैर नाही. शाळेला वर्षभराच्या वाट्यातून दोन पंखे मिळाले होते. ते परत करावेत की नाही यावर तीन सभा झाल्या, आणि पंखे तिथेच राहिले. मी दीड वर्षाने ती नोकरी सोडली. चाचांमुळे सोडली असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल, पण दुसरीकडे पगारही जास्त होता.

मला आठवतो तो या सगळ्याच्या आधीचा रविवार. काका घरी येऊन गेल्यानंतरची पहिलीच सभा. चाचांनी आदल्या दिवशी मला विचारलं, "उद्या याल का? मला काही अडलं तर." चुका शोधण्याचा माझा अभिमान त्या वेळी उतरलेला होता, मी हो म्हटलं.

अध्यक्ष भला माणूस होता. महापालिकेत आयुष्य गेल्याने प्रकरण मिटवायची कला त्याला अवगत होती. त्याने सुरुवातच केली, "बँकेने आपली फसवणूक केली. निषेधाचा ठराव मांडतो."

चाचा उठले. पांढरा सदरा, हातात ती बारा पानं.

"फसवणूक नाही म्हणता येणार," ते म्हणाले. "त्यांनी सगळं लिहून दिलं होतं. वाचायला मी होतो."

"भाई, बसा हो," कोणीतरी म्हणालं. "तुमचा काय दोष?"

"मावशींनी मला भर सभेत विचारलं होतं, यात आमचं काही वाईट नाही ना? मला ठाऊक नव्हतं. मी अक्षरं बघितली होती, अर्थ बघितलाच नव्हता. तेव्हाच 'ठाऊक नाही' म्हणायला हवं होतं. पण तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होता, आणि मला ते म्हणायची लाज वाटली." ते थांबले, पण बसले नाहीत. "मी जन्मभर वाचत आलो. तुमच्या नोटिशी वाचल्या, करार वाचले, सगळ्यांवर 'वाचले' लिहून दिलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आता यापुढे माझ्याकडे कागद आणू नका."

नवे पंखे तेवढे फिरत होते. पहिल्या रांगेत रेडिओवाले काका मान खाली घालून बसले होते आणि पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस या दारातून बाहेर जाईल तो परत येणार नाही, आणि मग त्याच्यापाशी काहीच उरणार नाही.

तेवढ्यात मावशी उठल्या. गुडघ्यांचा त्रास होता, समोरच्या खुर्चीला धरून उठल्या.

"झालं तुमचं बोलून?" त्यांनी विचारलं. "आता वाचा."

"काय वाचू?"

"हेच, हातात धरलंय ते. पहिल्यापासून. आम्ही बसतो. तुम्हाला कळंस्तोवर बसतो. मला तिसाव्या वर्षी अक्षरं कळायला दोन वर्षं लागली होती, तेव्हा कोणी उठून गेलं नव्हतं."

कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या खुर्च्या पुढे सरकल्याचे आवाज आले. बाहेर निघालेले दोघं-तिघं परत येऊन बसले. काकांनी आपल्या शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खुर्ची मोकळी केली. चाचा तिच्यावर बसले. पहिलं पान समोर धरून त्यांनी पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं, हळूहळू, शाळकरी मुलासारखं. मग तिथेच थांबले. मान वर करून त्यांनी सगळ्या हॉलला विचारलं, "याचा अर्थ काय होतो? कोणाला सांगता येईल?"

मी शेवटच्या रांगेत होते. मी हात वर केला.